घंटीची दोरी

त्या माणसाला इंग्रजीची सव्वीस अक्षरं ओळीनं म्हणता येत नव्हती, आणि मोडेम मात्र त्याचंच ऐकायचा. पंचवीस वर्षं होत आली, तरी हे लिहिताना पोटात तसंच दुखतं. जुन्या माणसांबद्दल लिहिताना लोक आधी आदर व्यक्त करतात. मला आदराच्या आधी जे वाटायचं ते आधी सांगून टाकतो. मी त्यांच्यावर जळायचो. रोज, नेमानं, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात.

उमरग्यात बसस्थानकासमोर, हायवेच्या अंगाला, एका पहिल्या मजल्यावर आमचं मोडेम केंद्र होतं. आता हा शब्दच गेला, म्हणून थोडं समजावून सांगावं लागेल. सोलापूरच्या एका दैनिकाला आमच्या भागातल्या गावोगावच्या बातम्या हव्या असायच्या. गावचा वार्ताहर हातानं बातमी लिहायचा, पाकिटात घालायचा आणि उमरग्याला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. पाकीट आमच्यापर्यंत आलं की मी ती बातमी कॉम्प्युटरवर टाइप करायचो आणि टेलिफोनच्या तारेला जोडलेल्या मोडेममधून सोलापूरच्या मुख्य कार्यालयातल्या कॉम्प्युटरला पाठवायचो. मोडेम म्हणजे एक चपटी डबी, पुढं लाल दिव्यांची रांग. नंबर लागला की ती आधी किंचाळायची, मग खरखरायची आणि मग गप्प होऊन कामाला लागायची. सातच्या आत सगळं गेलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तालुक्याचं पान भकास.

मी केंद्राचा प्रमुख होतो. सोलापुरात वर्षभर राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, तो मी काचेच्या फ्रेममध्ये घालून टेबलामागं टांगला होता. फिरणारी खुर्ची माझी. कुलपाची किल्ली माझी. हाताखाली एक माणूस होता, तो म्हणजे मास्तर.

आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. हे मास्तर तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. गुडघे गेले म्हणून वेळेआधी निवृत्ती घेतली, पण स्थानक सुटेना. दिवसभर तिथल्याच बाकावर बसायचे. कुठली गाडी किती वाजता येणार, तिच्यावर कोण आहे, हे चौकशीच्या खिडकीआधी त्यांना कळायचं. म्हणून दैनिकानं त्यांना पाकिटं गोळा करायला ठेवलं. काम एवढंच, की गाडीवरून पाकीट घ्यायचं, जिना चढायचा आणि माझ्या टेबलावर ठेवायचं. जिना चढून आल्यावर ते परत जात नसत, तिथून माझं दुखणं सुरू झालं.

ते माझ्या मागं उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. मोडेम चालू असताना पाय फाकवून, एक हात वरच्या फळीला धरून उभे. गाडीत तीस वर्षं असंच उभं राहिलेला माणूस, त्याला सवय सुटत नव्हती. खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच असायचा. तो ते सारखा टकटक वाजवायचे. मोडेम किंचाळायला लागला की मात्र पंच बंद, बोलणं बंद, आणि मलाही बोलू द्यायचे नाहीत. गाडी स्टँडातून निघताना डायवरशी बोलायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. मोडेमला ते डायवरच म्हणायचे. पलीकडून जोडणी झाली, दिवा स्थिर झाला, की गाडी सोडायच्या दोन घंट्यांसारखा पंच दोनदा वाजवून म्हणायचे, "डबल." मग मी पाठवायचं बटण दाबायचं. मी केंद्रप्रमुख, पण मास्तरांनी डबल दिल्याशिवाय माझं बोट हलेनासं झालं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

पाकिटं ते पॅसेंजर मोजावेत तशी मोजायचे. आली किती, गेली किती, उरली किती. सगळं कंडक्टरच्या हिशेबाच्या जुन्या वेबिलांच्या कोऱ्या पाठीवर, तुटक्या पेन्सिलीनं. सोलापूरहून 'मिळालं' असा निरोप आल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत, मलाही घेऊ द्यायचे नाहीत. फोन लागून काम संपलं की तार नीट सुटली का, ते दिव्यावरून बघायचे. पॅसेंजर उतरलं की दार लागलंच पाहिजे. मी त्यासाठी मोडेमला एक हुकूम घालून ठेवला होता, पलीकडच्यानं फोन सोडला की त्यानंही ठेवायचा. पुस्तकात वाचून घातला होता. मास्तरांनी तो कशासाठी आहे ते एकदा विचारलं, ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी माकणीच्या एका वार्ताहराला माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगितलं. तो वार्ताहर म्हणजे माझे वडील.

अण्णा माकणीच्या विद्यालयात शिक्षक होते आणि हौसेनं वार्ताहर. घरी शिस्त, बोलणं कमी. मी डिप्लोमा केला तेव्हा त्यांनी फक्त 'बरं' एवढंच म्हटलं होतं. पण मला केंद्र मिळाल्यावर त्यांच्या पाकिटावर माझं नाव यायला लागलं. त्यांच्या त्या सुंदर, सरळ अक्षरात, 'श्री' लावून, पूर्ण नाव, खाली 'केंद्रप्रमुख, उमरगा'. इतर वार्ताहर नुसतं दैनिकाचं नाव टाकायचे. अण्णांनी मला तोंडावर कधी शाबास म्हटलं नाही, पण आठवड्यातून तीनदा पाकिटावर लिहून पाठवायचे. ती पाकिटं मी फाडायचो नाही. ब्लेडनं कडेनं कापून कपाटात ठेवायचो.

आणि नेमकी अण्णांचीच बातमी जात नव्हती.

बाकीच्या गावांच्या जायच्या. माकणीची सुरू व्हायची, अर्ध्यावर यायची आणि मोडेमचे दिवे जागच्या जागी थिजायचे. ना पुढं, ना मागं. मग जोडणी तोडा, पुन्हा लावा, पुन्हा तिथंच. कधी लोहाऱ्याची एखादी अडकायची, पण अण्णांची हमखास. मी फोनवर सोलापूरला वाचून दाखवायचा प्रयत्न करायचो, तिकडं घाई असायची, दोन ओळी घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. अण्णांनी तीन पानं लिहायची आणि पेपरात दोन ओळी. त्यांना वाटायला लागलं की मीच कापतोय. एका पाकिटात चिठ्ठी आली, 'वडिलांची बातमी म्हणून कमी छापू नये, तशी जास्तही छापू नये.' मी ती चिठ्ठी वाचून दिवसभर जेवलो नाही.

मी लाइन खराब आहे म्हणालो. वेग कमी केला. फोनवाल्यांना बोलावून तार बदलून घेतली. मोडेमचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दोनदा वाचलं. मास्तर हे सगळं उभं राहून बघत होते आणि वेबिलाच्या पाठीवर काहीतरी लिहीत होते.

पंधरा दिवसांनी त्यांनी तो कागद माझ्यापुढं ठेवला. त्यावर बातम्यांची नावं आणि पुढं एकेक शब्द होता. गाडी बंद पडली की कंडक्टर वेबिलात लिहितो, कुठल्या स्टेजला, कुठल्या टप्प्याला पडली. मास्तरांनी तेच केलं होतं. रोज संध्याकाळी काम संपल्यावर सोलापूरला फोन करून विचारायचे, आमची अडकलेली बातमी तुमच्याकडं कुठल्या अक्षरापर्यंत पोचली. मी समजत होतो की ते तिकडच्या ऑपरेटरशी गप्पा मारतात.

"साहेब, बघा की," ते म्हणाले, "आकरा गाड्या बंद पडल्या. नऊ 'वि'पाशी. दोन 'उ'पाशी. डायवरचा दोष आस्ता तर कुठंबी पडल्या आस्त्या. ही तर एकाच खड्ड्यात चाललीय. 'वि'च्या म्होरं काय हाय?"

पुढं होतं 'द्य'. विद्यालय, विद्यार्थी. 'उ'च्या पुढंही तेच, उद्या आणि उद्योग. शिक्षक असलेल्या वार्ताहराच्या बातमीत विद्यालय नसेल तर काय असेल? मी एका कोऱ्या फाइलीत ते एकच जोडाक्षर टाइप केलं आणि पाठवलं. दिवे थिजले.

आता मला कळलं. कळायलाच हवं होतं, शिकलो होतो मी ते. पलीकडचा कॉम्प्युटर भरला की त्यानं अलीकडच्याला 'थांब' म्हणायचं असतं आणि मोकळा झाला की 'चल'. ते सांगायच्या दोन रीती. एक, बातमीच्याच अक्षरांमधून एक विशिष्ट आकडा पाठवायचा. दुसरी, कॉम्प्युटर आणि मोडेमच्या मधल्या केबलमध्ये त्यासाठी वेगळ्या तारा ठेवायच्या. आमच्याकडं पहिली रीत होती. आणि आमच्या मराठी फॉन्टमध्ये 'द्य'ला जो आकडा दिला होता, तो यंत्राच्या लेखी 'थांब'चा आकडा होता. अण्णांनी विद्यालय लिहिलं की यंत्र इमानदारीनं थांबायचं, आणि 'चल' म्हणणारं पलीकडं कोणी नसायचं.

मी हे मास्तरांना जरा ऐटीत सांगितलं, इंग्रजी शब्द पेरून. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी घंटी न्हाय. नुस्तं तोंडानं चाललंय." मग त्यांनी मलाच माझा विषय समजावला. भरलेल्या गाडीत कंडक्टरनं डायवरला तोंडानं 'थांबा' म्हणायचं ठरलं, तर मागं कोणी बाई नवऱ्याला 'थांबा की जरा' म्हणाली तरी डायवर ब्रेक मारणार. म्हणून दोरी असते. पॅसेंजरांनी काय बोलायचं ते बोलावं, डायवर फक्त घंटी ऐकतो. पुस्तकाची चाळीस पानं त्या माणसानं अशी पाच वाक्यांत गुंडाळली. मला त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे मला का नाही सुचलं?

पुस्तकातून दुसऱ्या रीतीचा हुकूम शोधून काढला तो मी. अँड-के-तीन. हे मी ठासून सांगतो, कारण एवढंच माझं आहे. तो हुकूम मोडेमला दिला आणि कॉम्प्युटरलाही सांगितलं, आता तोंडाचं ऐकू नको, तारेचं ऐक. आणि सगळंच बंद पडलं. माकणीच काय, एकाही गावची बातमी हलेना. मी म्हणालो, पुस्तक चुकीचं आहे. मास्तर खाली बसले, त्या गुडघ्यांनी, टेबलाखाली शिरले, केबल उपसली आणि टोकाची टोपी उघडून मला दाखवली. आत तीन तारा होत्या. एक पाठवायची, एक घ्यायची, एक जमिनीची.

"बसायला जागा, उतरायला जागा, आन् खाली पत्रा," ते म्हणाले. "घंटीची दोरी कुठाय? बांधलीच न्हाय तर वाजंल कशी?"

खाली रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मास्तरांनी तिथं केबल नेऊन दोन तारा जादा जोडून आणल्या, एक 'पाठवू का' म्हणणारी, एक 'पाठव' म्हणणारी. सहा वाजता अण्णांची तीन पानी बातमी गेली. विद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा विद्यापीठस्तरीय का कसला सत्कार, द्य-द्यनं भरलेली, एका दमात. मास्तरांनी पंच वाजवला आणि पहिल्यांदा माझ्याआधी चहा मागवला.

त्या दिवसापासून उमरगा केंद्रात मी कोणी राहिलो नाही. सोलापूरचे कॉम्प्युटर विभागाचे साहेब फोनवर माझा आवाज ओळखायचे आणि म्हणायचे, "मास्तरांना द्या जरा." वार्ताहर आले की फ्रेममधल्या डिप्लोमाकडं पाठ करून मास्तरांशी बोलत बसायचे. कोणी हुरडा आणायचं, कोणी सीताफळं, आणि ते सगळं मास्तरांच्या पिशवीत. त्यांनी मला अर्धं दिलं नाही असं एकदाही झालं नाही. ते अर्धं खातानाही मी जळायचो.

मग एकदा अण्णा आले, शाळेचं काही सामान न्यायला. मी टायपिंगमध्ये होतो. दोन मिनिटं माझ्याजवळ बसले, तब्येत विचारली आणि बाहेर गॅलरीत मास्तरांपाशी गेले. तासभर बोलत होते. माझे वडील, घरात तासभर बोललेले मी कधी ऐकले नव्हते, तिथं चक्क हसत होते. मी उठून दाराशी गेलो तर दोघंही गप्प झाले आणि माझ्याकडं बघायला लागले. माझ्याबद्दलच चाललं होतं, यात शंका नव्हती. बहुतेक डिप्लोमाबद्दल, असं मी धरून चाललो.

त्यानंतर माकणीचं जे पाकीट आलं, त्यावर माझं नाव नव्हतं. तेच सुंदर अक्षर, तोच 'श्री', आणि पुढं मास्तरांचं पूर्ण नाव. पुढच्या पाकिटावरही तेच. आणि त्याच्या पुढच्या. मी ती पाकिटं ब्लेडनं कापली नाहीत, टराटरा फाडली.

त्याच आठवड्यात मी सोलापूरला पत्र लिहिलं. माकणीच्या बातम्या का अडकत होत्या, कोणतं अक्षर, कोणता आकडा, आणि त्यावर अँड-के-तीन हा उपाय. 'मी अभ्यासाअंती या निष्कर्षाला आलो' असं लिहिलं. गाडीतल्या पॅसेंजरांचं आणि घंटीचंही उदाहरण दिलं, ते तर फारच छान जमलं होतं. मास्तरांचं नाव कुठंही घातलं नाही. केबलच्या जादा तारांचंही नाही. तो भाग निखालस मास्तरांचा होता. तो लिहिला तर कागदावर दुसरा माणूस दिसला असता, म्हणून मी तो गाळला.

दोन महिन्यांनी परिपत्रक निघालं. सगळ्या केंद्रांनी उमरगा केंद्रप्रमुख श्री. अमुक यांनी शोधलेली पद्धत अमलात आणावी. एक प्रत मी अण्णांना पाठवली. एक केंद्रात आली, ती मास्तरांच्याच हाताला लागली, कारण सोलापूरचं टपाल तेच फोडायचे. ते मराठी हळू वाचायचे, ओळीखाली बोट फिरवत, पुटपुटत. मी टायपिंग करतोय असं दाखवत होतो आणि कान सगळे तिकडं होते. माझ्या नावावरून बोट सरळ पुढं गेलं. घंटीपाशी थोडं थांबलं. शेवटपर्यंत वाचून त्यांनी कागद घडी घातला.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "पर साहेब, ह्यात वायरीचं लिवलंय का?"

मी म्हणालो, जागा पुरली नाही.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, वाईट वाटलेलं नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर, काळजी होती. "मंग तर सगळ्यांच्याच गाड्या आज बंद पडतेत," एवढं म्हणून ते पाकिटं आणायला गेले.

आणि तसंच झालं. संध्याकाळी सहा वाजता जिल्ह्यातल्या साऱ्या केंद्रांनी परिपत्रकाप्रमाणं हुकूम बदलला. सगळ्यांच्या केबली कंपनीनं दिलेल्या, तीनच तारांच्या. एकाही केंद्रातून एक ओळ जाईना. आमचा फोन वाजला. सोलापूरचे साहेब होते, चिडलेले. ही कसली पद्धत, सगळ्या केंद्रांचे मोडेम थिजलेत, आता काय करायचं? मी पुस्तकाची पानं उलटायला लागलो. तिकडून ते म्हणाले, "तुम्ही राहू द्या. मास्तरांना द्या."

मास्तर समोरच उभे होते, फळी धरून. फोनमधलं सगळं त्यांना ऐकू येत होतं. मी रिसीव्हर त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मान हलवली.

"मास्तर पाकिटं आणाया गेलेत म्हणा," ते कुजबुजले.

मी तसं म्हणालो. मग ते माझ्या कानाशी वाकून एकेक वाक्य सांगत गेले आणि मी ते फोनमध्ये बोलत गेलो. आज जुन्याच रीतीवर परत जा म्हणा. द्य आला तर तिथं फुली टाइप करा, सोलापुरात हातानं दुरुस्त करतील. उद्या प्रत्येकानं केबल उघडा, तारा मोजा. तीन निघाल्या तर दोन जादा जोडून घ्या. कुठली कुठं, ते मी सांगतो, लिहून घ्या. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. शेवटी साहेबांचा आवाज निवळला. ते म्हणाले, "तुमचा अभ्यास आहे बुवा." मी थँक्यू म्हणालो. मास्तरांनी पंच दोनदा वाजवला आणि फळीचा हात सोडला.

लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणीही मी जळतच होतो. या माणसाला राग कसा येत नाही? मला त्यांच्या हुशारीचा हेवा होता तोवर ठीक होतं, हुशारी वाढवता येते. आता मला त्यांच्या स्वभावाचा हेवा वाटायला लागला, आणि त्यावर कुठल्याच पुस्तकात हुकूम नव्हता. त्या दिवसानंतर सोलापूरहून कोणी 'मास्तरांना द्या' म्हटलं नाही. मला हवं होतं ते मिळालं. पाकिटांवर मात्र अण्णा मास्तरांचंच नाव लिहीत राहिले, केंद्र बंद होईपर्यंत.

केंद्र बंद झालं, इंटरनेट आलं. मी त्याच जागेत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान टाकलं, ते चालू आहे. मास्तर स्थानकामागच्या त्यांच्या घरात असतात. येता-जाता दिसायचे, हात करायचे. मी घाईत असल्यासारखा हात करायचो.

यंदा उन्हाळ्यात माकणीला गेलो होतो. अण्णा आता ऐंशीला टेकलेत. त्यांनी आपल्या छापून आलेल्या बातम्यांच्या कात्रणांच्या वह्या काढल्या होत्या, मी पानं उलटत होतो. एका पानावर ते परिपत्रक चिकटवलेलं होतं. मी पुढचं पान उलटायला गेलो, तर त्यांनी वहीवर हात ठेवला.

"हे यायच्या आधीच मला म्हाईत होतं," ते म्हणाले. "मास्तरांनीच सांगितलं. मी आलो होतो बघ तिकडं, गॅलरीत बसून. म्हणले, गुरुजी, तुमच्या पोरानं तुमच्या अक्षरातली खोट हुडकली. इद्यालय लिवता म्हणून अडकत होतं. आम्ही लई हसलो. म्हटलं, जन्मभर विद्या-विद्या केलं, आन् त्यानंच वाट अडवली. तू दाराशी आलास तर मला तुला शाबास म्हणायचं होतं. जमलं न्हाय."

मी वही बाजूला सरकवली. मग विचारलं, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, की त्यानंतर पाकिटावर माझं नाव का घातलं नाहीत.

अण्णांना आधी आठवेचना. मग म्हणाले, त्या महिन्यात माकणीच्या गाडीला नवा कंडक्टर आला होता. बाहेरच्या कोणाचं पाकीट घेईना, नियम दाखवायचा. मास्तर म्हणाले, माझं नाव टाका, आपल्या माणसाला आलेलं पत्र कोणी नाकारत नाही. म्हणून. दुसरं काय असणार? आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते सांगायचं, तर सगळंच सांगावं लागत होतं. मी सांगितलं. कागदावरच्या अकरा गाड्या, 'वि'पाशी कोण पोचलं, घंटीचं कोणाचं, पत्र कोणी लिहिलं. मी जे चोरलं, ते मास्तरांनी माझ्या पत्राच्या आधीच माझ्या नावावर करून टाकलं होतं, हेही बोललो. अण्णा खाली बघत ऐकत होते. रागावले नाहीत. शिक्षकापेक्षा त्यांच्यातला वार्ताहर जास्त दुखावला असावा.

"म्हंजी बातमी चुकीची गेली," ते म्हणाले. "दुरुस्ती द्यावी लागंल."

त्यांनी कागद मागितला. अक्षर अजूनही सरळ. वर 'दुरुस्ती' असं लिहून खाली रेघ मारली. सदर शोध आमच्या चिरंजीवांचा नसून मास्तरांचा आहे, घंटीचा दाखलाही त्यांचाच, चुकीबद्दल दिलगीर आहोत, वार्ताहर, माकणी. घडी घालून पाकिटात ठेवलं आणि पाकिटावर 'श्री' लावून मास्तरांचं पूर्ण नाव लिहिलं. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, कंडक्टरकडं देऊ नको, तूच पोचव.

लोहाऱ्यावरून उमरग्याला येईपर्यंत ते पाकीट माझ्या वरच्या खिशात होतं. त्यावरचं नाव बघून मला अजूनही बरं वाटत नव्हतं, हे लिहितोच.

मास्तर दारातच खुर्चीवर बसले होते. गुडघे आता पार गेलेत, पण पंच हातात होता. मी पाकीट दिलं. त्यांनी अक्षर ओळखलं, गुरुजी बरे हायत का विचारलं, आणि वाचायला लागले. ओळीखाली बोट, ओठांची पुटपुट, सगळं तसंच. त्यांच्या स्वतःच्या नावावरून बोट सरळ पुढं गेलं, थांबलंही नाही. घंटीपाशी थोडं रेंगाळलं. शेवटच्या ओळीला पोचून त्यांनी कागद उलटा करून मागं काही आहे का पाहिलं, परत सुलटा केला आणि माझ्याकडं वर बघितलं.

"समदं बराबर हाय," ते म्हणाले. "पर साहेब, ह्यात वायरीचं लिवलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. अण्णांना मी सगळं सांगितलं होतं, तेवढं सोडून.